वाफसा येईपर्यंत

माझं बागेचं वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं, लसूण लावून. सुरुवातीची दोन वर्षं मी बर्फ वितळल्यावर जागी व्हायचे, एप्रिलमध्ये धावाधाव करायचे आणि पहिला बर्फ पडला की खुरपं-फावडं आत टाकून मोकळी व्हायचे. या बागेला आता नऊ वर्षं झाली. वर्षातले चार-साडेचार महिने जमीन दगडासारखी असते. शेवटचा फ्रॉस्ट, म्हणजे रात्री पानांवर आणि गवतावर गोठणारं दहिवर, मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीही पडू शकतो आणि पहिला सप्टेंबर संपता संपता गाठतो. मधे उरतात जेमतेम १३० दिवस. एवढ्यात टोमॅटो पिकवायचा तर आधीचे सहा-सात महिनेही बागेचेच धरावे लागतात.

लसणाचे गड्डे फोडायला मी ऑक्टोबरातली एक रविवार सकाळ राखून ठेवते. बोटं गारठतात, पण जमीन अजून गोठलेली नसते. मोठ्यात मोठ्या पाकळ्या लावायला, बारक्या स्वयंपाकघरात. हात उलटंच करायला बघतो, कारण मोठी पाकळी सोलायला सोपी. पण पाकळी जितकी भरलेली तितका जुलैत निघणारा गड्डा मोठा, हे मी दोन वाफे शेजारी शेजारी लावून वजन करून पाहिलं आहे. टोक वर, बुडखा खाली, वर दोन इंच माती, दोन पाकळ्यांत सहा इंच अंतर. जमीन पक्की गोठायच्या तीन-चार आठवडे आधी लावला की खाली मुळं धरतात आणि वर पान निघायच्या आत थंडी येते. एवढंच हवं असतं.

लसणाला थंडी लागतेच. काही आठवडे १० अंशांच्या खाली काढल्याशिवाय त्याला नीट पाकळ्या पडत नाहीत. एकदा मी हिवाळाभर घरातल्या उबेत राहिलेल्या काही पाकळ्या मेमध्ये लावल्या होत्या. रोपं चांगली दिसत होती. ऑगस्टमध्ये उपटली तर प्रत्येकाखाली एकच गुळगुळीत गाठ, लहान कांद्यासारखी. वासाला लसूण, पण फोडायला आत काही नाही. ती गाठ हातात धरली तेव्हा मला या बागेतली थंडी पहिल्यांदा खतापाण्यासारखी वाटली, पिकाला लागणारी एक गोष्ट.

पहिल्या वर्षीचा लसूण मात्र मी थंडीतच घालवला. आच्छादन घातलं नव्हतं. फेब्रुवारीत चार दिवस छान ऊन पडलं, वाफ्यावरचा बर्फ गेला, रात्री पुन्हा उणे ८, पुन्हा दुपारी चिखल. मार्चमध्ये वाफ्याशी गेले तर अर्ध्याहून जास्त पाकळ्या मातीवर आडव्या पडलेल्या, पांढरी मुळं लोंबत असलेल्या, कोणी एकेक उपटून ठेवल्यासारख्या. मी आधी पक्ष्यांना दोष दिला. पक्ष्यांचा काही संबंध नव्हता. माती वरून गोठायला लागते तेव्हा खालचं पाणी वर ओढलं जातं आणि मातीत बर्फाचे पापुद्रे तयार होतात. ते पापुद्रे वाढताना वरची माती उचलतात आणि तिच्यासोबत पाकळीही वर येते. ऊन पडलं की माती खाली बसते, पाकळी मात्र जिथे उचलली गेली तिथेच अडकून राहते. असं आठ-दहा वेळा झालं की ती बाहेर.

जमीन गोठल्याने लसूण मरत नाही. गोठणं आणि वितळणं यांच्या येरझारा त्याला मारतात. म्हणून मी आता वरचा इंचभर थर कडक व्हायची वाट बघते आणि मग पालापाचोळ्याचा चांगला पाच-सहा इंचांचा थर टाकते, म्हणजे आतली थंडी आत राहते आणि फेब्रुवारीच्या उन्हाला जमिनीपर्यंत पोचता येत नाही. घाईने आधीच टाकला तर उंदरांना आयती ऊबदार गादी मिळते, हेही एकदा अनुभवलं.

पालापाचोळा मी शरदात अधाशासारखा गोळा करते. शेजारी पिशव्या भरून कचऱ्यात द्यायला ठेवतात, त्या मी विचारून घरी आणते. अर्धा आच्छादनाला जातो, अर्धा तारेच्या जाळीच्या पिंपात दाबून भरते. त्यात दुसरं काही घालायचं नाही, फक्त ओल ठेवायची. दोन वर्षांनी तळाशी काळसर, हलका, पावसानंतरच्या रानासारखा वास येणारा पोयटा तयार होतो. बागेतली दुसरी कुठलीही गोष्ट मी इतक्या प्रेमाने हातात घेत नाही. माझी माती चिकण. पहिल्या वर्षी तिच्यात खुरपं रुतायचं नाही, आज बोटं जातात. हा बदल या पानांनी केला आणि काही अंशी गोठण्यानेही, कारण शरदात उलथून ठेवलेली ढेकळं हिवाळ्यात गोठून फुटतात आणि वसंतात हाताने चुरता येतात.

बर्फ पडला की बाहेरचं काम थोडंच उरतं. नळी रिकामी करून आत घ्यायची, मातीच्या कुंड्या घरात आणायच्या, नाहीतर आतलं पाणी गोठून त्या तडकतात. सफरचंदाच्या कोवळ्या खोडाला बारीक जाळी गुंडाळायची, कारण बर्फाखालून बोगदे करत येणारे उंदीर साल गोलाकार कुरतडतात आणि पूर्ण वेढा कुरतडला गेला तर झाड संपतं. फुलझाडांचे वाळलेले पोकळ दांडे मी कापत नाही. काही एकट्या राहणाऱ्या मधमाश्या त्यांत हिवाळा काढतात.

आणि बर्फ काढायचा नाही. उलट वाटेवरचा स्वच्छ बर्फ मी फावड्याने लसणाच्या वाफ्यावर ढकलते. रस्त्याकडेचा नाही, त्यात मीठ असतं. बर्फात इतकी हवा अडकलेली असते की तो रजईचं काम करतो. एका जानेवारीत बाहेर उणे १९ होतं. फूटभर बर्फाखाली थर्मामीटरची कांडी खुपसून ठेवली, पाच मिनिटांनी काढली तर शून्याच्या जरासं खाली. मुलीला आकडा दाखवला तर तिचा विश्वास बसेना. तिने स्वतः पुन्हा कांडी खुपसली आणि हातमोजे चोळत पाच मिनिटं तिथेच उभी राहिली.

फेब्रुवारीच्या मध्यावर घरात बी टाकायला सुरुवात होते. आधी कांदा, मार्चच्या सुरुवातीला मिरची, मार्च संपताना टोमॅटो. टोमॅटो शेवटच्या फ्रॉस्टच्या सहा ते आठ आठवडे आधी, त्याहून लवकर नाही. लवकरचा मोह फार होतो, कारण बाहेर सगळं पांढरं असतं आणि डोळे हिरव्यासाठी आसुसलेले असतात. पण लवकर टाकलेली रोपं मेपर्यंत कुंडीत कोंडून पिवळी पडतात आणि उशिरा टाकलेली त्यांना जूनमध्ये गाठतात.

खिडकीतल्या उजेडावर मी दोन वर्षं विसंबले. रोपं दोऱ्यासारखी लांब, फिकट, काचेकडे झुकलेली व्हायची. खिडकीत आपल्या डोळ्यांना पुरेसा वाटणारा उजेड मार्चमधल्या रोपाला पुरत नाही. आता साधे एलईडी दिवे रोपांच्या डोक्यापासून तीन-चार इंचांवर टांगते, रोज १५ तास, आणि रोपं वाढतील तसे दिवे वर सरकवते. पाणी ताटलीत खालून द्यायचं आणि माती वरून जरा सुकू द्यायची. वरून ओल राहिली की रोपं जमिनीलगत चिमटा काढल्यासारखी बारीक होतात आणि कोलमडतात. सकाळी उभी होती ती संध्याकाळी आडवी. एकदा कोलमडलेलं रोप वाचत नाही, त्याच्या शेजाऱ्यांना वाचवता येतं तेवढंच.

कांद्याची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण उष्ण प्रदेशातून थंड प्रदेशात आलेला जवळजवळ प्रत्येक बागवाला तिथे ठेचकाळतो. मी पहिल्यांदा लावलेलं कांद्याचं बी विषुववृत्ताच्या बरंच जवळच्या भागासाठीचं होतं. रोपं उत्तम झाली, मेच्या सुरुवातीला वाफ्यात गेली आणि जून उजाडेपर्यंत माना टाकू लागली. उपटून बघितलं तर गोटीएवढे कांदे, पूर्ण तयार झालेले, वर पातळ सालसुद्धा आलेली. माती, खत, पाणी, सगळ्यावर संशय घेऊन झाला. चूक दिवसाच्या लांबीत होती.

किती तासांचा दिवस झाला की गड्डा धरायचा हे कांद्याच्या प्रत्येक जातीचं ठरलेलं असतं. कमी अक्षांशांवरच्या जाती ११-१२ तासांच्या दिवसाला गड्डा धरायला लागतात, उत्तरेकडच्या जातींना १४ ते १६ तास लागतात. इथे मेच्या सुरुवातीलाच दिवस १४ तासांच्या पुढे गेलेला असतो. माझ्या इवल्याशा रोपांना जमिनीत पाय ठेवताक्षणी वाटलं, वेळ झाली. चार पानं होती, तेवढ्याच बळावर त्यांनी गड्डा धरला. झाडं दिवसाची लांबी ओळखून वागतात हे गार्नर आणि अ‍ॅलर्ड या दोन शास्त्रज्ञांनी १९२० साली तंबाखू आणि सोयाबीनवरच्या प्रयोगांतून मांडलं. मला ते त्या गोट्यांनी शिकवलं. आता मी बियांच्या पाकिटावर ‘मोठ्या दिवसाची जात’ असं लिहिलेलं असल्याशिवाय कांदा घेत नाही, आणि मुठीत न मावणारे कांदे काढते.

एप्रिल हा माझ्यासाठी सगळ्यांत अवघड महिना. बर्फ गेलेला, ऊन कोवळं, पक्षी परतलेले, हातांना नुसती खाज सुटलेली. आणि जमीन मात्र तयार नाही. दुसऱ्या वर्षी मी एप्रिलच्या पहिल्या उबदार शनिवारी फावडं घेऊन अख्खा वाफा खणून काढला. माती फावड्याला चिकटत होती, उलथलेला प्रत्येक तुकडा चकाकत होता. मला वाटलं, ओल चांगली आहे. आठवड्याभरात ते तुकडे वाळून विटा झाल्या. वरून पाणी घातलं तर वाहून जायचं, हातोडीने फोडलं तर तुकड्यांचे आणखी लहान तुकडे. त्या वाफ्यात त्या उन्हाळ्यात गाजरं वाकडीतिकडी, दोन-तीन पायांची झाली. माती पूर्वपदावर यायला पुढचा हिवाळा जावा लागला.

आईला व्हिडिओ कॉलवर तो वाफा दाखवला. ती क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, “अगं, वाफसा आला नव्हता, तोवर खणलंस कशाला?”

हा शब्द मी लहानपणापासून ऐकलेला होता. पावसाळ्यात पेरणीच्या वेळी तो घरात बोलला जायचा. पण बर्फाच्या प्रदेशातल्या एका वाफ्याला तो लागू पडेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. जमीन भिजून मग इतकी निथळते की ओल आहे पण चिखल नाही, पाणीही आहे आणि हवाही आहे, ती वेळ म्हणजे वाफसा. मी आईला विचारलं, “पण कळायचं कसं?” तिने कॅमेऱ्यासमोर मूठ धरली. “मूठभर माती घे, दाबून लाडवासारखा गोळा कर, आणि अंगठ्याने हळूच ढकल. फुटला की वाफसा. नुसता दबला तर थांब.”

तेव्हापासून एप्रिलमध्ये रोज सकाळी मी एक गोळा करून बघते. चार इंच खोलवरून माती घ्यायची, वरची नाही, कारण वरची दोन तासांच्या उन्हात वाळून फसवते. सुरुवातीला गोळ्यावर माझ्या बोटांचे ठसे उमटतात, रेघा न् रेघा दिसते आणि अंगठ्याने दाबलं की तो चपटा होतो. काही दिवसांनी कडेला चीर पडते. मग एक दिवस हलक्या धक्क्यानेच तो तीन-चार तुकड्यांत फुटतो आणि तळहात जवळजवळ कोरडा राहतो. त्या दिवशी मी ऑफिसला उशिरा जाते.

सोबत मातीचा थर्मामीटरही खुपसते, सकाळी, बी पडेल त्या खोलीवर. ५ ते ७ अंश झाले की वाटाणा आणि पालक, ८-१० वर बटाटा, १५ च्या पुढे घेवडा. घेवडा आधी टाकला तर उगवत नाही, नुसता कुजतो. गाजराचं बी दोन-तीन आठवडे काही दाखवत नाही आणि तेवढ्यात वरचा थर एकदा जरी वाळला तरी संपलं, म्हणून पेरलेल्या ओळीवर मी फळी ठेवते आणि सातव्या दिवसापासून रोज उचलून बघते. पहिला हिरवा ठिपका दिसला की फळी काढायची.

मेमध्ये घरातली रोपं बाहेर पडण्याची तयारी करतात. याला हार्डनिंग म्हणतात आणि ते टाळता येत नाही. मी टाळून बघितलंय. तिसऱ्या वर्षी एका निरभ्र रविवारी २४ टोमॅटोची रोपं सकाळी बाहेर ठेवली, ऊन छान होतं म्हणून दिवसभर राहू दिली. संध्याकाळी पानांवर पांढरे, कागदासारखे डाग, देठ वाऱ्याने पिळवटलेले. दिव्याखाली वाढलेल्या पानाने खरं ऊन कधी पाहिलेलंच नसतं, वाराही नाही. आता पहिल्या दिवशी तासभर सावलीत, दुसऱ्या दिवशी दोन तास, मग सकाळचं कोवळं ऊन, असं आठ-दहा दिवस वाढवत नेते. रोज ट्रे आत-बाहेर करून कंबर दुखते. पण आठव्या दिवशी पानं गडद आणि जाडसर झालेली हाताला कळतात, देठावर जांभळट झाक येते, आणि मग मला खात्री पटते.

तरीही एक रात्र शेवटपर्यंत मनात असते. गेल्या मेच्या २३ तारखेला, रोपं लावून तीनच दिवस झाले होते, दुपारपासून वारा पडला. आकाश धुऊन काढल्यासारखं स्वच्छ. अंदाजात रात्रीचं किमान तापमान ३ अंश सांगितलं होतं आणि नवरा म्हणाला, “तीन म्हणजे शून्याच्या वर आहे ना, मग झोप आता.” पण ते तापमान माणसाच्या उंचीवरच्या हवेचं असतं. ढग नसले की जमिनीची उष्णता सरळ वर निघून जाते, वारा नसला की वरची ऊबदार हवा खाली मिसळत नाही, आणि थंड हवा पाण्यासारखी वाहत सखल भागात साचते. माझ्या बागेचा खालचा कोपरा म्हणजे अशी हवा साचायचं तळंच. हवेत ३ असताना तिथे पानावर शून्याखाली जाऊ शकतं.

ऊन होतं तोवर वाफ्याला पाणी दिलं, कारण ओली माती दिवसभरात जास्त उष्णता साठवते आणि रात्री सोडते. सूर्य मावळायच्या आत मी आणि मुलगी जुन्या चादरी घेऊन बाहेर. प्रत्येक रोपाभोवती तीन काठ्या रोवायच्या, चादर पानांना टेकणार नाही अशी वर टाकायची, कडा जमिनीपर्यंत आणून दगडांनी दाबायच्या. कडा उघड्या राहिल्या तर जमिनीची ऊब बाजूने निघून जाते आणि चादरीचा उपयोग उरत नाही. शेवटच्या भोपळ्याला चादर पुरली नाही, एक पान बाहेर राहिलं. मुलीने पुन्हा पुन्हा विचारलं, “आई, ते पान?” अंधार पडला होता. मी म्हटलं, “राहू दे गं, एकच आहे.”

पहाटे पाचला दोघीही जाग्या झालो. गवतावर पांढरा, चुरचुरणारा थर होता. चादरी ताठ झाल्या होत्या, उचलताना पापडासारख्या वाजल्या. आत टोमॅटो जसेच्या तसे, हिरवे, पानांच्या टोकांना दवाचे थेंब. भोपळ्याचं ते एक पान मात्र गडद, काचेसारखं पारदर्शक झालं होतं. ऊन लागलं तसं ते भिजल्या फडक्यासारखं लोंबलं आणि दुपारपर्यंत काळं पडलं. पानातलं पाणी गोठलं की पेशींची पातळ आवरणं निकामी होतात. मुलीने ते पान तोडलं नाही. तिला बघायचं होतं की बाकीचा वेल त्याच्याशिवाय वाढतो का. वाढला.

उन्हाळ्याबद्दल सांगण्यासारखं त्या मानाने कमी आहे. १६ तासांच्या दिवसात सगळं इतक्या वेगाने वाढतं की खुरपणी, विरळणी, बांधणी करता करता जून निघून जातो. पालक आणि कोथिंबीर मोठ्या दिवसाने लगेच फुलोऱ्यावर येतात, म्हणून ती मी एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये पेरते, मधे नाही. टोमॅटो लावताना अर्धं खोड मातीत आडवं पुरते, त्यावर सगळीकडून मुळं फुटतात. बटाट्याला दोनदा मातीची भर देते, नाहीतर उघडे पडलेले बटाटे उन्हाने हिरवे होतात आणि ते खायचे नसतात.

बटाट्यावर मात्र ऑगस्टमध्ये रोज डोळा ठेवावा लागतो. गार, दमट आठवडा आला की पानांवर तपकिरी, पाणचट डाग आणि खालच्या बाजूला पांढरी लव दिसते का हे पानं उलटून बघायचं. तो उशिरा येणारा करपा, फायटोप्थोरा इन्फेस्टन्स या बुरशीसारख्या जीवाने होणारा रोग. १८४५ मध्ये आयर्लंडमधला बटाटा यानेच सडवला आणि पुढच्या वर्षांतल्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसं गेली. माझ्या चार ओळींत तो आला तेव्हा मी तीन दिवस ‘बघू, थांबेल’ म्हणत राहिले आणि शेजारचे टोमॅटोही गमावले. पाचव्या वर्षी पुन्हा आला, तेव्हा डाग दिसलेल्या दिवशीच सगळा पाला जमिनीलगत कापून वाफ्याबाहेर नेला आणि दोन आठवडे जमिनीला हात लावला नाही. तेवढ्यात बटाट्याची साल जाड होते आणि वरच्या मातीतले बीजाणूही बरेचसे मरतात. मग खणले. एकही सडलेला निघाला नाही. कापताना जीव तुटत होता, पाला अजून हिरवा होता.

लसूण जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात निघतो. जूनमध्ये त्याला वळसे घेत वर येणारा फुलाचा दांडा फुटतो, तो खुडायचा, म्हणजे बळ खाली जातं. खालची तीन-चार पानं पिवळी आणि वरची पाच-सहा हिरवी, अशी वेळ साधायची. उशीर झाला तर गड्डा जमिनीतच उकलतो आणि टिकत नाही. उपटायचा नाही, बाजूने फावडं घालून उचलायचा, धुवायचा नाही, आणि पाल्यासकट तीन-चार आठवडे हवेशीर सावलीत टांगायचा.

ऑगस्टच्या मध्यावर टोमॅटोचे शेंडे खुडते. त्यानंतर येणारं फूल फळ होऊन पिकेल एवढे दिवस आता उरलेले नसतात. हे खुडणं मला कधी सोपं जात नाही, फुलं फार सुंदर असतात. सप्टेंबरच्या शेवटी आकाश पुन्हा तसंच स्वच्छ दिसलं की सगळे टोमॅटो आत आणते, हिरव्यांसकट. पूर्ण वाढलेला, किंचित पांढुरका पडलेला हिरवा टोमॅटो घरात १८-२० अंशांत खोक्यात ठेवला की पिकतो. तो स्वतः इथिलीन वायू सोडतो आणि शेजाऱ्यांनाही पिकवतो. गडद हिरवे, कडक, लहान मात्र पिकत नाहीत. आणि जे पिकतात त्यांतलेही दर चार दिवसांनी निवडावे लागतात, एक सडला तर खोकं जातं.

त्या रात्रीनंतर बागेत अर्धं काळं होतं आणि अर्ध्याची खरी चव तेव्हा सुरू होते. केलची, म्हणजे कोबीच्या कुळातल्या पालेभाजीची, पानं सकाळी काचेसारखी ताठ असतात, दुपारी पुन्हा मऊ आणि जिवंत. थंडी लागली की ती पिष्टाची साखर करतात, साखरेमुळे पेशीतलं पाणी कमी तापमानापर्यंत गोठत नाही. गाजरांचंही तसंच. सप्टेंबरातलं गाजर आणि दोन-तीन फ्रॉस्ट सोसलेलं नोव्हेंबरातलं गाजर शेजारी ठेवून खाल्लं तर जिभेला सांगावं लागत नाही. मी अर्धी ओळ काढून ओलसर वाळूत ठेवते आणि अर्ध्या ओळीवर फूटभर पालापाचोळा टाकते. डिसेंबरात बर्फ बाजूला सारून, पानं उचलून, खालची न गोठलेली माती उकरून काढलेल्या गाजरांसाठी मुलगी आपणहून बूट घालून बाहेर येते.

काल पुन्हा गड्डे फोडले. टांगलेल्यांतले सगळ्यांत भरलेले सोळा मी जुलैतच वेगळे ठेवले होते. पाऊस पडून दोन दिवस झाले होते, म्हणून आधी वाफ्यात चार इंच हात घातला आणि माती मुठीत दाबली. गोळ्यावर बोटांचे ठसे दिसत होते. अंगठ्याने ढकलला तर नुसता दबला. पाकळ्या टोपलीत तशाच झाकून ठेवल्या आहेत. उद्या सकाळी पुन्हा बघते.